रात्रपाळीच्या गारठ्यासाठी स्किड स्टिअरची उघडी केबिन कशी बंद करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पलूस तालुक्यात एका साखर कारखान्यावर बगॅस यार्डचं, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या ढिगांचं, काम घेतलंय, मशीन जुनं, उघड्या केबिनचं स्किड स्टिअर, म्हणजे जागच्या जागी वळणारा बकेटचा छोटा लोडर. डिसेंबर-जानेवारीत रात्रपाळीला ऑपरेटर टिकत नाहीत. गावातला वेल्डर म्हणतोय, रोल केजला (मशीन उलटलं तर ऑपरेटरला वाचवणारा केबिनचा सांगाडा) अँगल वेल्ड करून चारी बाजूंनी ॲक्रिलिक मारू, आणि सीटमागचा इंजिनकडचा पत्रा थोडा कापला की गरम हवा फुकटात आत येईल. करावं का?

केबिन जरूर बंद करा, पण या पद्धतीने नको. वेल्डिंग नको, ॲक्रिलिक नको, आणि तो पत्रा तर अजिबात कापू नका. कुपवाड एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे आणि लोडर-ट्रॅक्टरच्या केबिनी हेच मुख्य काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्या मते तुम्हाला लागणार ते एवढंच: समोर पॉलिकार्बोनेटचा (चिवट पारदर्शक प्लॅस्टिक) उचलून काढता येणारा दरवाजा, दोन्ही बाजूंना मूळ जाळीच्या आतून पारदर्शक पडदे, मागे आतून ढकलून पाडता येणारी खिडकी, आणि छतावर बाहेरची हवा गाळून आत ढकलणारा एक ब्लोअर. सगळं क्लॅम्पवर आणि नट-बोल्टवर. हीटरचं शेवटी बघू. बहुतेक तुम्हाला तो लागणारच नाही.

कारण आपल्याकडची थंडी वेगळी आहे. यूट्यूबवर दिसणाऱ्या केबिन किट कॅनडा-अमेरिकेतल्या उणे वीस अंशांसाठी असतात. तिथे माणूस गोठू नये म्हणून हीटर आधी आणि काचा नंतर. आपल्याकडे कृष्णाकाठी कडाक्याच्या रात्रीही पारा दहाच्या आसपास घुटमळतो. ऑपरेटरला छळतो तो वारा, पहाटेचं दव आणि ओलं बगॅस. गिरणीतून येणाऱ्या ताज्या बगॅसमध्ये निम्मं वजन पाण्याचं असतं. ते वाऱ्याने उडून मानेवर, बाहीत, कॉलरमध्ये बसतं आणि ओलं राहतं. त्या ओल्या अंगाला वारा लागला की माणूस कुडकुडतो. वारा आणि कचरा थांबवला तर इंजिनच्या शेजारी बसलेल्या माणसाला एका स्वेटरवर रात्र काढता येते. महाबळेश्वरला वेण्णा तलाव-लिंगमळा भागात दव गोठल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. तिथे पहाटे मशीन चालवायचं असेल तर हीटरचा खर्च पटतो, पलूस-कडेगावला सहसा पटत नाही.

आता मशीन समजून घेऊ, कारण स्किड स्टिअरची केबिन ट्रॅक्टरसारखी बंद करता येत नाही. हे मशीन जन्मलंच शेडच्या आत काम करायला. १९५७ साली अमेरिकेत मिनेसोटामध्ये सिरिल आणि लुई केलर या भावांनी टर्की कोंबड्यांच्या शेडमधली घाण काढायला छोटा लोडर बनवला, त्यातून पुढे बॉबकॅट आलं. अरुंद जागेत जागच्या जागी वळायचं म्हणून बकेट उचलणारे आर्म ऑपरेटरच्या दोन्ही बाजूंनी जातात आणि आत शिरायची वाट समोरून, बकेटवरून. म्हणजे दरवाजा एकच, आणि तोही नेमका आर्म आणि बकेट हलतात त्या जागेसमोर. जेसीबीच्या स्किड स्टिअरला आर्म एकाच बाजूला असतो आणि दार डावीकडे, त्यामुळे त्याचं गणित वेगळं. तुमचं मशीन दोन आर्मचं, समोरून चढायचं आहे असं धरून पुढचं लिहितोय.

बाजूंच्या पोलादी जाळीचं काम वारा अडवायचं नाही. ऑपरेटरचा हात किंवा डोकं आर्म आणि केबिनच्या मधल्या फटीत जाऊ नये म्हणून ती आहे, आणि त्या फटीत सापडून माणसं मेलेली आहेत. शीट नीट बसावी म्हणून जाळी कापणारे कारागीर मी पाहिलेत. जाळी जागेवर राहिली पाहिजे आणि पडदा तिच्या आतून आला पाहिजे. बाहेरून लावलात तर आर्म खाली येताना एखादा बोल्ट अडकून सगळं ओरबाडून नेईल, कारण मध्ये जागा अगदी थोडी असते. जाळीतून बोल्ट न्यावाच लागला तर गोल चपट्या डोक्याचा घ्या, डोकं बाहेर आणि नट आत.

रोल केजला वेल्डिंग का नको

केबिनवर कुठेतरी कंपनीची प्लेट असते, तिच्यावर आयएसओ ३४७१ आणि ३४४९ असे आकडे सापडतील. पहिला मशीन उलटण्याबद्दल, दुसरा वरून वस्तू पडण्याबद्दल. दुसऱ्यातली खालची पातळी म्हणजे १,३६५ जूल: साधारण ४६ किलोचं वजन ३ मीटरवरून छतावर पडलं तरी ते ऑपरेटरच्या डोक्यापर्यंत यायला नको. मशीन उलटलं की हा सांगाडा ठरलेल्या ठिकाणी वाकतो आणि वाकतानाच धक्का पोटात घेतो. त्यावर अँगल वेल्ड केला की दोन घोटाळे होतात. वेल्डच्या कडेचं पोलाद तापून बदलतं आणि तडा तिथूनच सुरू होतो. शिवाय अँगलमुळे एक भाग नको तितका ताठ होतो, मग सांगाडा भलतीकडे मोडतो. ड्रिलचंही तेच. मशीन बनवणाऱ्या कंपन्या वेल्डिंग, ड्रिलिंग, कापाकापी सगळ्यालाच मनाई करतात, आणि अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिल्यांदा तेच बघेल. त्यात बॅटरी न सोडता वेल्डिंग केलं तर कंट्रोलर उडू शकतो, तो भुर्दंड वेगळाच.

मग पकडायचं कशाला? आधी सांगाड्याला आतून-बाहेरून हात फिरवून बघा. बऱ्याच मॉडेलना दरवाजा, जादा दिवे यांसाठी कंपनीनेच आटे असलेली भोकं ठेवलेली असतात आणि त्यांवर रबरी बूच किंवा रंग बसलेला असतो. मशीनचा सिरीयल नंबर देऊन डीलरकडे पार्ट्स बुक बघायला मागा. तयार दरवाजा परवडला नाही तरी भोकं कुठे आहेत ते चित्रातून कळतं. जिथे भोक नाही तिथे दोन पाकळ्यांचा क्लॅम्प, आत ३ मिमी रबर, आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सहज न सुटणारा). साधा नट स्किड स्टिअरच्या थरथरीत आठवडाभरही टिकत नाही. तुमच्या वेल्डरला दरवाजाची फ्रेम खुशाल करू द्या: २५ मिमी चौकोनी पाइप, मशीनपासून लांब, टेबलावर. त्याचा हात चांगला असेल तर फ्रेम चांगलीच होईल. फक्त तिला मशीनवर चिकटवायचं नाही.

फ्रेमच्या आधी पुठ्ठा. हे टाळणारे खूप आणि नंतर दरवाजा वाकला म्हणून येणारेही तेच. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा दरवाजाच्या मापाचा कापा, केबिनच्या तोंडावर टेपने चिकटवा आणि मधोमध बघायला वीतभर चौकोन ठेवा. आता आर्म पूर्ण खाली ठेवून बकेट मागे वळवा. मग आर्म हळूहळू उचलत प्रत्येक उंचीवर बकेट पुढे-मागे करा. तुम्ही वापरता ती प्रत्येक अटॅचमेंट लावून हेच करा, विशेषतः बगॅसची मोठी बकेट आणि ग्रॅपल, म्हणजे माल पकडणारा दातेरी पंजा. ग्रॅपलचे दात उघडताना मागे येतात, ते विसरतात सगळे. पुठ्ठ्यावर ओरखडा दिसला तर दरवाजा तेवढा आत घ्यावा लागेल. ओरखडा नसला तरी तीन-चार बोटांची जागा मोकळी राहिली पाहिजे, कारण पिना-बुश झिजल्या की आर्म इकडेतिकडे खेळतो.

दरवाजा समोर उघडणार, म्हणजे तो उघडा असताना आर्म हलला की संपलं. कंपनीच्या दरवाजाला स्विच असतो, दार उघडं असलं तर आर्म उचलत नाही. आपण मूळ वायरिंगला हात लावायचा नाही. निदान दार उघडं असल्याचा बझर तरी स्वतंत्र लावा. ऑपरेटर जागेवर नसला की आर्म अडवणारे सीटचा स्विच आणि सीट बार यांच्या वायरी डायरेक्ट करून ठेवलेलं मशीन माझ्याकडे आलं तर आधी ते पूर्ववत करतो, मग केबिनचं बोलतो. बिजागऱ्या उचलून काढता येणाऱ्या घ्या. दिवसपाळीला दार काढून भिंतीला टेकवून ठेवता येतं.

कोणती शीट

साधी खिडकीची काच नकोच. ॲक्रिलिक स्वस्त आणि दिसायला झकास, पण फुटलं की त्याचे सुऱ्यासारखे तुकडे होतात, आणि बिजागरीच्या भोकापाशी ते फुटणारच. टफन्ड काच चालते. फुटली तर तिचे बारीक दाणे होतात. पण टफन केल्यावर ती कापता येत नाही की भोक पाडता येत नाही, म्हणून फर्मा आधीच अचूक हवा. समोर वायपर हवाच असेल तर लॅमिनेटेड काच घ्या, कारण वायपर पॉलिकार्बोनेटला थोड्याच दिवसांत ओरखडे पाडून आंधळं करतो. तुमच्या कामाला मी पॉलिकार्बोनेटच घेईन, ६ मिमी, दोन्ही बाजूंनी हार्ड कोटिंगवालं. वजनात मोठा फरक पडतो: एक चौरस मीटर ६ मिमी काच १५ किलो भरते, पॉलिकार्बोनेट सात-सव्वासात किलो. रोज उचलून काढायच्या दरवाजाला हे महत्त्वाचं. हायड्रॉलिक ब्रेकर किंवा झाडं तोडणारी अटॅचमेंट लावत असाल तर मात्र ६ मिमीवर भागत नाही, त्यासाठी बरीच जाड शीट लागते.

पॉलिकार्बोनेट खराब होतं ते बहुतेक वेळा बसवताना. उन्हात ते काचेच्या सात-आठ पट फुगतं. पहाटे १० अंश आणि दुपारी उन्हात ४५ धरा, मीटरभर लांबीला जवळजवळ अडीच मिमी फरक पडतो. म्हणून ६ मिमीच्या बोल्टला ९-१० मिमीचं भोक, मोठा वायसर, त्याखाली रबर, आणि नट हाताने घट्ट होऊन वर अर्धा फेरा, बस. पान्याला पाइप लावून आवळलं की महिनाभरात भोकापासून केसासारख्या रेषा निघतात. भोक कडेपासून निदान दोन बोटं आत घ्या. ड्रिलचा बिट धारदार हवा, खाली लाकूड, वेग कमी; बोथट बिटने प्लॅस्टिक वितळतं आणि तडा तिथून सुरू होतो.

दुसरं, रसायनं. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन यांचा बोळा फिरवला की शीट पांढुरकी होते, मग काहीही करा, परत येत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लावू नका, न्यूट्रल म्हणून मिळतं ते मागा. बोल्ट सुटू नये म्हणून लावायचं लॉकिंग लिक्विडही शीटजवळ नको, नायलॉक नट सांगितला तो त्यासाठीच. बीडिंग ईपीडीएम रबराचं घ्या. मऊ पीव्हीसीचं बीडिंग बाजारात जास्त दिसतं, पण त्यातलं तेलकट द्रव्य पॉलिकार्बोनेटला खातं. पुसायला भरपूर पाणी, साबण आणि सुती फडकं. कोरडं पुसू नका. बगॅसच्या धुळीत माती आणि वाळू असतेच.

बाजूंना एवढा खर्च करायची गरज नाही. जीपचे हूड शिवणारे कारागीर अजून सांगली-मिरजेत आणि कराडला आहेत. त्यांच्याकडून १ मिमी पारदर्शक पीव्हीसीचे पडदे शिवून घ्या, कडेला ताडपत्रीची पट्टी, आयलेट आणि वेलक्रो. पडदा पॉलिकार्बोनेटला घासणार नाही एवढं बघा, कारण तेच. पीव्हीसी एका-दोन हंगामांत पिवळं पडतं, तेव्हा बदला. समोर मात्र पीव्हीसी चालत नाही. रात्री दिव्यात त्याच्या सुरकुत्या चमकतात आणि बकेटची कड दिसत नाही.

बाहेर पडायची दुसरी वाट

या प्रश्नात सगळ्यात कमी लोक विचारतात ते हेच. आजवर तुमची केबिन समोर सताड उघडी होती, त्यामुळे काही झालं तर ऑपरेटर उडी मारून बाहेर. दरवाजा लावला की ती वाट दरवाजावर अवलंबून. इंजिन बंद पडलं आणि आर्म मध्येच राहिला तर बकेट नेमकी दारासमोर, दार उघडतच नाही. बगॅसचा ढीग खालून कोरत नेला की वरचा कडा कोसळतो, हे यार्डात काम करणाऱ्याला सांगायला नको. तो केबिनवर आला तर समोरची वाट बुजली.

म्हणून मागची खिडकी हीच सुटकेची वाट. कंपनीतूनच बंद केबिन घेऊन येणाऱ्या मशीनलाही मागची किंवा छताची वाट अशीच दिलेली असते. करायला सोपी आहे: गाडीच्या पुढच्या काचेला असतं तसं खाचेचं रबर, त्यात शीट, आणि रबराच्या आतल्या बाजूने लॉकची दोरी. दोरीच्या टोकाला लाल कडी बांधा. कडी ओढली की दोरी निघते, रबर ढिलं होतं आणि लाथ मारली की शीट बाहेर पडते. बसवल्यावर एकदा खरंच पाडून बघा, ऑपरेटरच्या हातून, अंधारात, जाकीट घालून. जाड अंगाच्या माणसाला तिथून निघता येतं का तेही तेव्हाच कळेल. मागे जाळी असेल तर ती आतून, हत्याराशिवाय सुटली पाहिजे. कंपनीच्या पुस्तकात तिची सोय दिलेली असते, तीच पाळा. खिडकीमागे डिझेलचा कॅन, दोरखंड, ऑपरेटरचा डबा असलं काही ठेवायचं नाही.

इंजिन बंद असताना आर्म खाली घ्यायचा नॉब किंवा लिव्हर बऱ्याच मॉडेलना सीटजवळ असतो. पडदे लावल्यावर तिथे हात पोहोचतो का बघा. आणि तुमच्या ऑपरेटरला तो नॉब माहीत आहे का, तेही विचारा. बहुतेकांना नसतो.

तो फुकटचा गरम वारा

सीटमागचा पत्रा कापायची कल्पना मी बऱ्याच तोंडून ऐकली आहे आणि दर वेळी अंगावर काटा येतो. त्या पत्र्यापलीकडे इंजिन, सायलेन्सर आणि एक्झॉस्टचे सांधे आहेत. जुन्या मशीनचा एखादा गॅस्केट फुंकत असतोच. त्यातून येणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही, वास नाही. उघड्या केबिनमध्ये तो वाऱ्याबरोबर निघून जायचा. आता तुम्ही चारी बाजू बंद करून त्यालाच आत बोलावताय. ऑपरेटरचं डोकं जड होईल, मळमळेल, झोप येईल, आणि पहाटे चारला झोप येण्यात कुणाला काही वावगं वाटणार नाही. त्याच पत्र्यामुळे इंजिनला आग लागली तर ती थेट पाठीवर येत नाही, हायड्रॉलिक होज फुटला तर गरम तेल अंगावर येत नाही.

तेव्हा उलट करा. पत्र्यावरची सगळी भोकं, वायरी आणि केबल जातात त्या जागा, पेडलची फट, लिव्हरचे फाटलेले रबरी बूट, हे आधी बंद करा. फक्त समोर आणि बाजू झाकून मागचं उघडं ठेवणारे आहेत, ते सगळ्यात वाईट. मशीन पुढे जाताना मागची हवा आत ओढली जाते, आणि ती इंजिनावरून येते. एक्झॉस्टचा कुठलाही सांधा फुंकत असेल तर केबिनच्या आधी तो दुरुस्त करा. गळती शोधायला रात्री केबिनमध्ये बल्ब लावा आणि बाहेरून फिरून बघा, जिथून उजेड दिसेल तिथून हवा येणार. मग छतावरचा ब्लोअर सुरू करून पेडलपाशी, पत्र्याच्या कडांना उदबत्ती धरा. मशीनभोवतीचा बगॅसचा कचरा आधी झाडून घ्या आणि हे काम यार्डाबाहेरच करा. धूर बाहेरच्या दिशेने गेला पाहिजे. आत वळला तर ब्लोअर कमी पडतोय किंवा फट मोठी आहे.

ब्लोअरचं कामच ते आहे: आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवायचा, म्हणजे फटीतून हवा बाहेरच जाते, धूळ आणि धूर आत येत नाही. हवा घ्यायची जागा छताच्या पुढच्या भागात, एक्झॉस्टपासून जितकी लांब जमेल तितकी. ट्रॅक्टरला असतो तसला कागदी फिल्टर, बाहेरून जाड धूळ आधीच अडवणारा प्री-क्लीनर, आणि त्यावर नायलॉनची बारीक जाळी, कारण बगॅसचा चुरा कागदाला दोन तासांत लिंपून टाकतो. जाळी शिफ्टमध्ये एकदा झटकायला लावा.

फिल्टरवर कंजुषी नको, त्याला थंडीपलीकडचं कारण आहे. साठवून बुरा धरलेल्या बगॅसच्या धुळीत थर्मोॲक्टिनोमायसीस जातीचे उष्णताप्रेमी जिवाणू वाढतात, आणि ती धूळ सतत छातीत गेली की बगॅसोसिस होतो. काम संपल्यावर काही तासांनी ताप, कोरडा खोकला, धाप. माणूस थंडी बाधली म्हणतो आणि डॉक्टरला बगॅसचं सांगत नाही. तुमचे सोडून गेलेले ऑपरेटर खरंच थंडीनेच गेले का, हेही एकदा विचारून बघा. फिल्टर लावला तरी जुना ढीग फोडताना मास्क हवाच.

ब्लोअरने काचेवरचं धुकंही जातं. बंद डब्यात एक माणूस श्वास घेतोय, बाहेर दव आहे, समोर वाफाळणारं ताजं बगॅस आहे. शीट आतून धुरकट होणारच. आतलीच हवा फिरवणारा पंखा लावून हे सुटत नाही, बाहेरची हवा आत यावी लागते. ब्लोअरचा एक फाटा दरवाजाच्या वरच्या कडेने खाली सोडा.

हीटर लागलाच तर

आधी गाडीचं मिळतं तसं १२ व्होल्टचं गरम होणारं सीट कव्हर आणि लिव्हरला फोमच्या मुठी लावून बघा. चार-पाच अँपिअरमध्ये काम भागतं. तरीही हवाच असेल तर इंजिनच्या गरम पाण्यावरचा: जुन्या बाजारात जीपसारख्या गाडीचा हीटर कोर मिळतो. थर्मोस्टॅटजवळून गरम पाणी घ्यायचं आणि वॉटर पंपाच्या ओढीच्या बाजूला परत सोडायचं, दोन्हीकडे कॉक, म्हणजे उन्हाळ्यात बंद करता येतो. होज ऑपरेटरच्या पाठीमागून उघडा न्यायचा नाही, फुटला तर उकळतं पाणी अंगावर. ब्लोअरला स्वतंत्र फ्यूज आणि रिले.

आणि एक खास आपल्याकडची अडचण. हीटर बसवला, पाणी फिरतंय, पण हवा कोमटच. दहातल्या सात वेळा कारण हे की कुणा मेकॅनिकने कधीतरी इंजिन तापतंय म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकलेला असतो. थर्मोस्टॅट ८० अंशांच्या आसपास उघडतो; तो नसेल तर हिवाळ्यात इंजिन नीट तापतच नाही, डिझेल जास्त खातं आणि हीटरला गरम पाणी मिळत नाही. आधी तो बसवा. शेगडी, गॅसचा हीटर, कोळशाची पाटी यांतलं काहीही आत नको, पाच मिनिटांसाठीसुद्धा नको.

राहिलेल्या गोष्टी पटापट सांगतो. बगॅसचा चुरा इंजिनखालच्या तळात आणि एक्झॉस्टभोवती साठतो, तो दर शिफ्टला हवेच्या नळीने काढा. केबिन बंद झाल्यावर ऑपरेटरला जळका वास उशिरा येतो. अग्निशामक आत, हाताशी. पुढचे दिवे दरवाजाच्या पुढे आणा, नाहीतर उजेड शीटवरून डोळ्यांत परततो. बंद केबिनमध्ये बाहेरची हाक ऐकू येत नाही, म्हणून यार्डातल्या हेल्परशी टॉर्चची खूण ठरवा आणि रिव्हर्स हॉर्न चालू आहे ना बघा. सर्व्हिसिंगला केबिन उचलावी लागते, तेव्हा वायरींना कपलर ठेवा आणि आधी दरवाजा काढून वजन कमी करा. केबिन उचलून धरणारे गॅस शॉक मूळ वजनासाठी बनलेले आहेत. कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरला काम सुरू व्हायच्या आधी मशीन दाखवा, मागची खिडकी स्वतः पाडून दाखवा.

शिवरात्र झाली की दरवाजा आणि पडदे काढा. मार्च-एप्रिलच्या उन्हात एसी नसलेली बंद केबिन म्हणजे भट्टी. शीट धुऊन, मध्ये जुनी चादर घालून, सावलीत उभी ठेवा. एकावर एक रचलीत तर मधली धूळ कोटिंग खरवडते. क्लॅम्प जागेवर राहू द्या, फक्त आतलं रबर दसऱ्याच्या आधी बघून कडक झालं असेल तर बदला. मागची खिडकी आणि ब्लोअर-फिल्टर वर्षभर चालतील, कारण हंगाम संपल्यावर प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) उचलायचं काम येतं आणि वाळलेल्या प्रेसमडची धूळ बगॅसपेक्षा कमी नसते.